तपासणीच लहरी

बोईसर स्टँडवर घिवलीच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगी वडिलांशी बोलत होती.

“अण्णा, हा मराठी कीबोर्ड जगभरातली माणसं मिळून फुकट बनवतात. ‘दऱ्या’ लिहिलं की ‘दर्या’ उमटायचं. मी ते दुरुस्त करून पाठवलं.”

“मग?”

“पाठवलेलं सगळं मशीन आपोआप तपासतं. माझं लाल झालं. म्हणजे नापास.”

“चुकलीस काय?”

“मला तसंच वाटलं. रडले. सोडूनच देणार होते. तेवढ्यात कीबोर्डचं काम सांभाळणाऱ्या तिकडच्या हेलेनाबाईंनी लिहिलं, ‘हेमांगी, तुझं काम बरोबर आहे. आमची तपासणीच लहरी आहे, मधूनच उगाच नापास करते.’ त्यांनी ती पुन्हा चालवली, तर हिरवं! मग तपासणीच दुरुस्त केली. वर माझी माफी मागितली.”

“माफी? मशीनच्या चुकीची?”

“हो ना.”

“आमच्या कंपनीत मशीन अडलं की मेमो माणसाला. कुणी कदी म्हणालं नाय, चूक तुजी नव्हती.”

“अण्णा, गाडी लागली. चला.”

“थांब. त्या बाईला थँक्यू लिव.”

“कालच लिहिलं.”

“ते तुजं झालं. आता माजं लिव.”