सासूबाईंनी निवडलेले सेल

हसू नका, पण माझी सासू व्हिडिओ गेमवर फुटबॉल खेळते. सासू-सासरे हेंद्रेपाड्यात आमच्याकडे राहायला आले तेव्हापासून रोज. वायरलेस कंट्रोलरचे सेल सारखे संपायला लागले, म्हणून मी आणि सासूबाई उल्हासनगरला रिचार्जेबल सेल घ्यायला गेलो.

दुकानदाराने दोन पाकिटं काढली. एकावर क्षमता दोन हजार एमएएच लिहिलेली, दुसऱ्यावर नऊ हजार नऊशे, आणि तेच स्वस्त! मी लगेच ते उचललं. सासूबाईंनी दोन्हींतला एकेक सेल तळहातांवर तोलून बघितला.

"हा हलका लागतोय. आत काही नाहीये याच्या."

दुकानदार म्हणाला, "माताजी, ये सेल है, भाजी नहीं."

"भाजी असती तर सडकी दिसली तरी असती!"

मी कसला ऐकतोय? त्यांनी जड सेल घेतले, मी नऊ हजारवाले. घरी येऊन दोन्ही फुल चार्ज केले आणि आपापल्या कंट्रोलरमध्ये घातले. रविवारी बदलापूर गावातून मेहुणे, मेहुण्या, सगळी गँग माझी आणि सासूबाईंची मॅच बघायला हजर. हरेल त्याने सगळ्यांसमोर बोंबील साफ करायचे, असं ठरलं.

मी दोन गोलने पुढे होतो, तेवढ्यात माझा कंट्रोलर बंद पडला. माझा गोलकीपर नुसता उभा, आणि सासूबाईंनी धडाधड तीन गोल मारले.

"आई, थांबा ना! माझे सेल गेले!"

स्क्रीनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमचे सासरे चाळीस वर्षं मला थांब म्हणतायत. मी थांबलेय का कधी?"

सोफ्यावरून सासऱ्यांचा आवाज आला, "नाही."