चौदा नातेवाईक आणि माझी वही

...नाही, पण मला सांगा, माझं चुकलं कुठे? नोंद आहे ना माझ्याकडे! चौतीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होतो मी, एक खिळा जरी बाहेर गेला तरी कोणी नेला, कशाला नेला, परत आणला का, सगळं वहीत. आणि आज माझ्याच घरात, माझ्याच अक्षरातल्या वहीवर विसंबून मी तोंडघशी पडतो म्हणजे... थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखेच गोंधळाल.

आमच्या सूनबाईनं मागच्या खोलीत चौदा कॉम्प्युटर मांडलेत. चौदा! मोठे नाहीत हो, साबणाच्या वडीएवढे, सगळे काळे, सगळे एका साच्यातले, लोखंडी शेल्फावर ओळीनं बसलेले. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, नुसता एक-एक हिरवा दिवा. हे करतात काय, तर म्हणे एक मोठं काम चौदा जणांत वाटून घेतात. म्हटलं, मग एकच मोठा का नाही घेत? तर म्हणाली, "बाबा, एक आजारी पडला तरी बाकीचे तेरा ओढून नेतात." आता तुम्हाला सांगतो, आमच्या कारखान्यात एक आजारी पडला की संध्याकाळपर्यंत बाकीचे तेराही पडायचे, त्यामुळे मला ते काही झेपलं नाही, पण मान हलवली. सासऱ्यानं सुनेला किती वेळा 'म्हणजे काय' विचारायचं यालाही मर्यादा असते की नाही?

आणि त्यांची नावं! लग्न होऊन आली तेव्हा सूनबाईला आमचं गणगोत काही केल्या लक्षात राहीना, आत्या समोर आल्या की मावशी म्हणायची. मग पठ्ठीनं काय केलं, एकेका कॉम्प्युटरला आतून एकेका नातेवाइकाचं नाव दिलं आणि वर त्याच नावाचा स्टिकर चिकटवला. थोरले काका, म्हणजे माझे मोठे भाऊ, ते मुख्य. सगळ्या माहितीचा साठा एका जाड डब्यात, तो डबा त्यांच्या पाठीला जोडलेला, आणि चालू करताना आधी त्यांना उठवायचं, मग इतरांना, नाहीतर बाकीचे एकमेकांची तोंडं बघत बसतात. एवढं मात्र मला एका दमात समजलं. आमच्या घरी हेच चालत आलंय.

तर गुरुवारी अकरा वाजता एका मोठ्या संस्थेच्या बाई हे सगळं बघायला येणार होत्या. चालताना दिसलं तर सूनबाईचं काम इथूनच, मागच्या खोलीतून. नाही दिसलं तर दुसऱ्या गावची नोकरी, आणि ती गेली की मुलगाही जाणार, हे काय सांगायला हवं? मग राहिलं कोण? मी आणि ही, टेबलावर दोन ताटं, आणि 'मीठ दे' एवढाच संवाद. ही पोरगी गेलेली मला चालणार नव्हती, सरळ सांगतो!

पण शेल्फामागे वायरींचा गुंता असा, की उंदीर शिरला असता तर पत्ता विचारत बाहेर आला असता. सूनबाई मंगळवारी बाहेरगावी निघाली, जाताना म्हणाली, "बाबा, आवरण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. पाहुण्या येण्याआधी एवढं नीट कराल? फक्त काढायच्या आधी कोण कुठल्या भोकात आहे ते लिहून घ्या." मधे एक सोळा भोकांचा डबा आहे, चौदाही जणांच्या वायरी त्यात जातात, त्याबद्दल बोलत होती. लिहून घ्या! अहो, हे मला सांगायचं? आत्या, भोक चार. मामा, भोक नऊ. थोरले काका, भोक एक, पाठीला जाड डबा. तारीख, वेळ, खाली सही. नोंद आहे माझ्याकडे! मग जाड डबा सोडवला, सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, वेटोळी केली, आणि दुपारी जेवून जरा आडवा झालो.

तेवढ्यात ही फडकं घेऊन धूळ पुसायला गेली. सकाळीच मला म्हणाली होती, "अहो, वन्सं आणि जाऊबाई शेजारी-शेजारी? चार वर्षं बोलत नाहीत त्या, कुकरच्या झाकणावरून." हिच्या वन्सं म्हणजे आमच्या आत्या. म्हटलं, अगं, ती यंत्रं आहेत, जागची हलवू नकोस. बरं म्हणाली. आता ही 'बरं' म्हणाली की मी सावध व्हायला हवं होतं, लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण झोप आली होती हो...

उठलो, वही उघडली, स्टिकर वाचत एकेक वायर लावली, थोरल्या काकांच्या पाठीला डबा जोडला. काय सुंदर दिसत होतं! थोरल्या काकांना आधी उठवलं, मग बाकीचे. चौदाच्या चौदा हिरवे. गुरुवारी दहाला सूनबाई आली, लॅपटॉप उघडला, आणि तिचा चेहराच उतरला. "बाबा, थोरले काका आत्यांच्या भोकातून बोलतायत, साठा कुठाय विचारतायत. आणि आत्या मामांच्या भोकात आहेत."

"शक्यच नाही! नोंद आहे माझ्याकडे!"

वायरी तपासल्या. बरोबर. वही तपासली. बरोबर. सगळं बरोबर आणि काहीच चालत नाही, हे कसं होतं? साडेदहा वाजले. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मग ती हळूच म्हणाली, "स्टिकर कुणी हलवलेत का?"

दारात ही. हातात तेच फडकं. "यंत्राला मी बोट लावलेलं नाही. यांनी सांगितलं होतं, हलवू नकोस. मी फक्त नावं बदलली."

फक्त नावं! आणि कोण कुठल्या फळीवर बसलंय ते मी लिहिलंच नव्हतं, कारण बसलेला कॉम्प्युटर उठून जाईल असं कुणाच्या मनात येतं का हो? ओरडणार होतो मी, पण सूनबाईनं हातानं थांबवलं. "आई, आधी कोण कुठे होतं, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? थोरले भावजी सगळ्यांत वर होते. त्यांचे गुडघे बघता का? त्यांना खालच्या फळीवर आणलं. तिथं धाकटा मामेभाऊ लोळत होता, त्याला मामांच्या जागी धाडला. मामांना आधीच कमी ऐकू येतं, त्यात पंख्याशेजारी बसवलेलं, म्हणून त्यांना वन्संची जागा दिली. आणि वन्सं गेल्या वर, भावजींच्या जागी. वरून सगळ्यांवर लक्ष ठेवायला आवडतं त्यांना."

म्हणजे घराचा सगळा साठा मी धाकट्या मामेभावाच्या पाठीला बांधला होता! ज्याला आम्ही कधी दाराची किल्लीसुद्धा दिली नाही!

चार स्टिकर परत फिरले, चार वायरी बदलल्या, डबा योग्य पाठीवर गेला. अकराला सात कमी असताना थोरले काका उठले. मग आत्या. मग मामा. मग सगळे. बाईंनी पाऊण तास पाहिलं, खूश झाल्या, काम पक्कं झालं, सूनबाई कुठेही जात नाही. मी वही उघडून उभा होतो, कुणी बघितलीसुद्धा नाही. सूनबाईनं मिठी मारली ती हिला.

काल पंधरावा आला. सूनबाई म्हणाली, याचं नाव 'बाबा'. भरून आलं हो मला. विचारलं, हा काय काम करणार? "काम बाकीचे चौदा करतील," म्हणाली, "हा फक्त कुणी काय केलं ते लिहून ठेवणार." तोवर ही स्टिकर घेऊन पुढे. म्हणते, "याला भिंतीकडच्या कोपऱ्यात ठेव. दुपारी झोपतो, उजेड सहन होत नाही त्याला."

...काय करणार? घेतली नोंद.