पडद्याचा पन्हा

…नाही नाही, "लहान दिसतंय तर लहानच बघा" हे काय उत्तर झालं? तुम्हीच सांगा! एवढा थोरला टीव्ही, सरकत्या दारांचा, वर वनमालावहिनींनी क्रोशाने विणलेलं झाकण, आणि आत मधोमध आखडून बसलेलं चित्र, चारी बाजूंनी नुसती रिकामी पट्टी! जीव खालीवर होणार की नाही माणसाचा? आणि माणूस कोण, तर आमच्या घाटकोपरच्या चाळीतले काशीराम, एकवीस वर्षं मिलच्या साच्यावर कापड विणलेले! काशीरामांनी चष्मा वर केला, खाली केला, पडद्याला वीत लावली आणि म्हणाले, "पन्हो कमी हा!"

आता पन्हा असतो कापडाला. कापडाची रुंदी! टीव्हीला कुठला आलाय पन्हा? पण ज्याचं आयुष्य साच्यासमोर उभं राहून गेलं त्याला सगळीकडे कापडच दिसणार ना!

तर तुम्हाला सांगतो, साल शहाऐंशी. वनमालावहिनी म्हणजे काशीरामांची बायको. त्यांचा भाऊ श्यामकांत मस्कतला, त्याने भाचीसाठी, म्हणजे अनुपमासाठी, कॉम्प्युटर पाठवला. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर टाइपरायटरसारखी बटणं असलेला एक चपटा डबा! पडदा? पडदा नाहीच! पडदा तुमचा तुम्ही बघा! टीव्हीची अँटेनाची वायर उपटायची, तिथे याची खुपसायची, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, ती पाच मिनिटं कुंईऽऽ करून चाळ डोक्यावर घेणार, समोरून रुक्मिणीकाकू ओरडणार, "अगं, मांजर अडकलंय का कुठे?"... आणि मग ते चित्र. ते पण कमी पन्ह्याचं!

अनुपमा बिचारी सांगत होती. "बाबा, क्लासमध्ये सर म्हणाले, ती पट्टी असतेच. तसंच बनवलंय ते." तिचा क्लास कुर्ल्याला, एका कॉम्प्युटरला सात मुली, अंधेरीच्या एका कंपनीची परीक्षा दोन महिन्यांवर, तिला घरी सराव करायचा होता, बस्स. पण काशीराम ऐकतायत? "तसाच असता? माका शिकवू नको गो चेडवा! एक बोट पन्हो कमी इलो तर जॉबर ठाण तोंडार मारी!" जॉबर म्हणजे मिलमधला मुकादम, आणि ठाण म्हणजे कापडाचा तागा.

हसताय ना? हसा. पण त्यामागचं सांगतो, मग हसा.

संपात मिल बसली ती बसलीच. चार वर्षं झाली. वनमालावहिनी पोळीभाजीचे डबे करायच्या, घर त्यावर. काशीराम मधे विक्रोळीला एका बिल्डिंगीवर वॉचमन होते, तीन महिन्यांत सोडून आले, म्हणाले, खुर्चीवर बसून नुसतं गेटाकडे बघायचं याला काम म्हणत नाहीत. मग घरी. आणि घरात काय, पीठ दळून आणू का? "राहू द्या, तुम्ही बसा." नळाचा वायसर बदलू? "प्लंबर येतोय, तुम्ही बसा." तुम्ही बसा! दोनच शब्द, पण ते किती लागतात हे ज्याला बसवलंय ना, त्यालाच विचारा. आणि अशात एक दिवस घरात अशी वस्तू येते जिचा पन्हा कमी आहे, आणि पन्हा कशाशी खातात हे अख्ख्या घरात एकट्या काशीरामांना माहीत! सोडतील?

झालं, सुरू! टीव्ही भिंतीपासून ओढला. मागच्या झाकणाला दोन भोकं. एकात काही घालून फिरवलं की चित्र उभं ताणतं, दुसऱ्यात आडवं. काय घालायचं? तर वनमालावहिनींची विणायची प्लास्टिकची सुई, टोक तासून चपटं केलेली! वहिनी ओरडतायत, "अहो, शॉक लागेल! आणि ती माझी आठ नंबरची सुई!" बरं, टीव्हीमागे बसलेल्या माणसाला पडदा दिसणार कसा? मग वहिनी समोर आरसा धरून उभ्या, हाताला कणीक, गॅसवर तवा, "डावीकडे अजून पट्टी आहे हो." काशीराम आतून, "आरशातली डावी की खरी डावी?" "मला काय माहीत खरी कुठली, माझी पोळी करपतेय ती मात्र खरी!" चार दिवस हा खेळ! जरा जास्त फिरवलं की कडेची अक्षरं पडद्याबाहेर, जरा कमी फिरवलं की पुन्हा "पन्हो कमी हा!"... आणि पाचव्या दिवशी दुपारी, तुम्हाला सांगतो, चित्र बसलं. झकास! या काठापासून त्या काठापर्यंत, एक रेघ रिकामी नाही. काशीराम मागून घामाघूम बाहेर आले, पडद्यावरून हात फिरवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या हातून काहीतरी पुरं झालं होतं हो!

पण मग आला रविवार. संध्याकाळचा सिनेमा!

आज कोण कुणाच्या घरी चपला काढून टीव्ही बघायला जातं? तेव्हा काशीरामांच्या दारात पंचवीस चपला. खाटेवर म्हातारी माणसं, खाली पोरं, रुक्मिणीकाकूंचा पाट ठरलेला, कुणाच्या हातात निवडायची मेथी. मला अजून त्या मेथीचा वास येतो. तर सिनेमा लागला, दूरदर्शनचं चित्र मुळातच पडदाभर, त्यात हे ताणलेलं, आणि हीरोला कपाळच नाही! भुवयांच्या वर साफ! नाच सुरू झाला, हिरॉईन गुडघ्यापर्यंतच. रुक्मिणीकाकू म्हणाल्या, "अहो काशीराम, मी नाच बघायला आलेय, पाय कुठायत हिचे?" काशीराम शांत. "पडदो भरलोहा ना?" "अहो पडदा भरलाय, पण माणसं सांडतायत की बाहेर!" आणि शेवटी काय व्हावं? धाडकन गोळी सुटली, व्हिलन आडवा, आणि ती झाडली कुणी ते कडेच्या बाहेर! वाट लागली! इन्स्पेक्टर की भाऊ, भाऊ की इन्स्पेक्टर, चाळ दोन दिवस भांडत होती.

काढा म्हणाले सगळे, होतं तसं करा. काशीरामांचा चेहरा असा उतरला... मग उपाय निघाला, त्यांनीच काढला. सकाळी अकराला सुई घालून चित्र ताणायचं, कॉम्प्युटरसाठी. संध्याकाळी सहाला परत आवळायचं, दूरदर्शनसाठी. दिवसातून दोनदा. पहिली पाळी, दुसरी पाळी! अहो, सुट्टी नाही, रजा नाही! अकराला पाच कमी असताना माणूस दाढी करून, शर्ट घालून टीव्हीमागे हजर! कुणी दारावरून विचारलं, काय काशीराम, चाललंय काय, तर खणखणीत आवाज, "काम चललाहा!"

एकदा वहिनी वैतागल्या. "अनुपमा, तुला खरंच एवढं मोठं लागतं का गं?"

"नाही गं. अक्षरं आधीपण सगळी दिसत होती."

"मग सांग ना त्यांना!"

"राहू दे ना आई. बाबा सकाळी उठून दाढी करतात." दुसऱ्या दिवशी अकराला वहिनी आरसा घेऊन आपणहून उभ्या राहिल्या.

दोन महिने! मग परीक्षा झाली, पोरगी पास झाली, नोकरी लागली, चाळभर पेढे वाटले. कॉम्प्युटरचा डबा श्यामकांतच्या सांगण्यावरून डोंबिवलीच्या दुसऱ्या भाचीकडे गेला. अनुपमा पहिल्या दिवशी कामावरून आली, अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती, तर काशीराम समोर.

"थंय कॉम्प्युटर हा मां?"

"आहे ना बाबा. बारा आहेत."

"बारा!" डोळे असे चमकले, म्हणता काय! "आणि पन्हो? बाराच्या बारांचो पन्हो कोण बघता?"

अनुपमा जरा घुटमळली. "बाबा... त्यांना त्यांचा स्वतःचा पडदा असतो. बटण दाबलं की येतं चित्र. बरोबर बसलेलं. कुणाला काही करावं लागत नाही."

काशीराम खाटेवर बसले.

"आपोआप?"

"हो बाबा. आपोआप."

"मगे थंय माणसाक काम काय?"