गुळाच्या रव्यावर गाडी

तात्यासो : अडतीस वर्षं साखर कारखान्याच्या सुरक्षा समितीवर काढली मी! दर मार्चला चारशे कामगारांना हात पुढे करायला लावून शपथ दिली. सुरक्षितता म्हणजे काय, हे अख्ख्या कसबा बावड्यात मला कुणी शिकवायचं कारण नाही!

राजमती : न्हाय शिकवत. पर गाडीखालनं भाषण करू नका. आवाज सायलेन्सरातनं आल्यागत येतोय.

तात्यासो : सायलेन्सरच बांधतोय मी.

राजमती : दुपारी तीनपासनं बांधतायसा. एवढ्यात लग्नाचा मांडव बांधून व्हतोय.

तात्यासो : रविवारी आपल्या जैन बस्तीच्या दारात गाडी थांबवली, तर आत प्रवचन थांबलं. नवऱ्याच्या गाडीचा एवढा आवाज होतो, तुला त्याचं काही वाटत नसेल, मला वाटतं. एक तारेचा वेढा राहिलाय. तू असं कर, तांब्याभर पाणी आण.

राजमती : न्हाय.

तात्यासो : अगं, तहान लागलीय.

राजमती : भाईर या, मग पाणी. मी ह्या पायरीवरनं हलणार न्हाय.

तात्यासो : तू तिथं बसलीस म्हणून गाडी पडायची थांबणार आहे का?

राजमती : न्हाय थांबणार. तरी मी बसलीया. जॅक वाकलाय तुमचा.

तात्यासो : कडेनं बघितलं की तसं वाटतं.

राजमती : दुपारी सरळ व्हता. आता कागलकडं तोंड करून हाय.

तात्यासो : असू दे. एकट्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हा समितीचा पहिला नियम. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. दुसरा आधार पाहिजे. तो मी दिलाय.

राजमती : कशाचा?

तात्यासो : भक्कम आहे.

राजमती : अवो, मी कशाचा इचारतीया.

तात्यासो : गुळाच्या रव्याचा. अख्ख्या ढेपेचा.

राजमती : माझ्या? कोठीतल्या दहा किलोच्या?

तात्यासो : आठ दिवस तूच म्हणतेयस, दगड झालाय, फुटत नाही, फोडून द्या.

राजमती : फोडून द्या म्हनलं. गाडीखाली ठेवा म्हनलं न्हाय.

तात्यासो : विटा ठेवणार होतो. पण वीट दाबानं फुटते, हे मी स्वतः भाषणात सांगितलंय. तोंडानं एक आणि हातानं दुसरं, असला माणूस मी नव्हे.

राजमती : आन गूळ चालतोय, असं कुठल्या भाषणात हाय?

तात्यासो : गुळाविषयी नियमात काही नाही.

राजमती : ऊन लागून कड पाझराय लागलीया त्याची. मुंग्यांची रांग लागलीया, पार हौदापासनं.

तात्यासो : ते मला माहीत आहे.

राजमती : तुमाला खालनं काय दिसतंय?

तात्यासो : दिसत नाही. मानेवर आहेत.

राजमती : झटकू नका! हाताखाली मरतील.

तात्यासो : झटकत नाहीच. अर्धा तास झाला, समभावानं पडून आहे.

राजमती : मग या की भाईर. मुंग्या बी जगतील, तुमी बी. दिवस मावळायला तासभर हाय. अंधार पडला की मी वाढणार न्हाय आन तुमी जेवणार न्हाय. उगं सायलेन्सरापायी उपास घडंल.

तात्यासो : येतो म्हटलं ना.

राजमती : या.

तात्यासो : आधी पाणी आण.

राजमती : न्हाय म्हनलं की एकदा!

तात्यासो : एवढं काय अडलंय तुझं त्या पाण्यात?

राजमती : भूपालअण्णानं बी पाणीच मागितल्यालं.

तात्यासो : तुझ्या भावानं? कधी?

राजमती : त्याच दिवशी. उसाची ट्रॉली जॅकवर घेतल्याली, त्यो खाली. म्हनला, राजू, तांब्याभर पाणी आण गं. सोळा वर्साची व्हते मी. पळत गेले, भरून आणला... ट्रॉली खाली आल्याली. कुणीतरी हातातनं तांब्या घ्याय लागलं, तर मी सोडंना. शेचाळीस वर्सं झाली. आजून सुटला न्हाय त्यो.

तात्यासो : अपघातात गेला, एवढंच म्हणायचीस. पाण्याचं कधी बोलली नाहीस.

राजमती : सांगून काय व्हणार व्हतं? तुमी मार्चच्या भाषणात घेतलं असतासा.

तात्यासो : ...घेतलं असतं.

राजमती : व्हय की.

तात्यासो : राजमती.

राजमती : काय?

तात्यासो : मला बाहेर येता येत नाही.

राजमती : म्हंजे?

तात्यासो : कंबर धरलीय. चार वाजल्यापासनं. तारेचा वेढा कधीच देऊन झालाय.

राजमती : आन हे आत्ता सांगतायसा?

तात्यासो : सुरक्षा समितीवर होतो गं मी.

राजमती : गप पडा. कशाला धरू नका, कशाला रेटू नका. माझ्या गुडघ्यांनी तुमी ओढायचं न्हाय. फोन लावते... हालो, पिराजी भावजी? मी राजमती, मागल्या गल्लीतनं. तुमचं साहेब गाडीखाली हायत. न्हाय न्हाय, जित्तं हायत, बोलत्यात. लईच बोलत्यात. तुमच्या त्या लोखंडी घोड्या घेऊन या, गाडी टेकवायच्या. बिगी बिगी.

तात्यासो : पिराजी? अख्ख्या कारखान्यात तुला तोच फिटर सापडला? हेल्मेट घातलं नाही म्हणून तीनदा मेमो दिलाय मी त्याला.

राजमती : म्हनून तर पळत यील. बघायला.

पिराजी : आलो, वैनी! सरका तिकडं. गाडीला कुणी हात लावू नका. रामराम, तात्यासो.

तात्यासो : रामराम. बरा आहेस?

पिराजी : मी उभा हाय. तुमचं सांगा.

तात्यासो : परिस्थिती नियंत्रणात आहे.

पिराजी : दिसतीया की. गाडी उतारावर, चाकाला दगूड न्हाय. हँडब्रेक?

तात्यासो : ओढलाय. अर्धा.

पिराजी : आन ह्यो पिवळा दगूड कसला... आरं तिच्या. गूळ?

राजमती : माझा हाय.

पिराजी : पस्तीस वर्सं फिटर व्हतो, वैनी. लाकडाचा ओंडका बघितला, वीट बघितली, एका बहाद्दरानं जातं ठेवल्यालं. गूळ आज पयल्यांदा.

तात्यासो : काढतोस, की पंचनामा करतोस?

पिराजी : आदी चाकांना दगूड. हां. आता ही घोडी हिकडं, ही तिकडं. आता गाडी आलीच तर घोड्यांवर यील, तुमच्यावर न्हाय. खाली पोतं हाय न्हवं? पोत्यासकट ओढतो. हात छातीवर घ्या, मान सैल सोडा. वैनी, त्यो पाय धरा.

राजमती : धरला.

तात्यासो : हळू, हळू! मुंग्या चिरडतील!

पिराजी : मुंग्यांना पाय हायत, तात्यासो. त्या चालत येत्याल. एक... दोन...

राजमती : आलासा. आलासा भाईर. पायरीला टेकून बसा. बोलू नका.

पिराजी : आता हिकडं बघा दोघंबी. करंगळीनं ढकलतोय हां. करंगळीनं.

(जॅक कोलमडतो. गाडी चार बोटं खाली येऊन घोड्यांवर बसते. गुळाच्या रव्याचा चुरा होतो.)

तात्यासो : ...ढकलायचं नव्हतं रे, पिराजी.

पिराजी : आत शिरायच्या आदी ढकलून बघायचं असतंय. तुमीच सांगायचासा की, फळ्यावर लिवून.

तात्यासो : तू ऐकायचास?

पिराजी : पयलं वाक्य ऐकायचो. मग झोप लागायची. पर तेवढ्यावर धाच्या धा बोटं घेऊन रिटायर झालो.

तात्यासो : राजमती, रडतेयस का तू?

राजमती : न्हाय. दमलीया.

तात्यासो : उद्या गाडी गॅरेजला देऊ.

पिराजी : ढकलत न्या. त्यो तारेचा वेढा बघितला मी.

राजमती : पाणी पायजे व्हतं न्हवं तुमाला?

तात्यासो : राहू दे आता. तू बस.

राजमती : आता जाते की. तांब्या भरून आणते. भावजी, तुमी बी थांबा. भाईरनं आलेल्या माणसाला गूळ-पाणी द्यायचं असतंय. आज ह्ये लईच लांबनं आल्यात.

तात्यासो : गूळ?

राजमती : फुटलाय की आता. ऑईल न लागलेला एक खडा तेवढा काढून ठेवा. आत हात घालू नका, काठीनं ओढा. आन मुंग्या फुंकरीनं घालवा.