ओळखीचं माणूस

— नाही नाही, सुनीलभाऊ, छंदाची जागा रिकामी नका ठेवू, स्कॉलरशिप देणारे संस्थावाले म्हणतील पोरगी नुसती बसून राह्यते. वाचन लिहा. खरं म्हणाल तं माह्या बहिणीचा छंद भांडण हाय, पण थे बायोडाट्यात लिहिता येते का? येत नाही. अन् खेळ — कबड्डी टाका. खेळत नाही, पण वांदरं आले का एकटी पळवते, पोट्टे घरात पळतात. बारावीचे ब्याऐंशी टक्के कॉम्प्युटरात ठळक करा. अजून ठळक. फोटोपेक्षा ठळक करा ना!

मी सातवीतूनच सुटलो, मले यातलं काय कळते? हे सारं आमचा मोठा अनिकेतदादा करणार होता. पांढरकवड्याच्या रस्त्यावर रानातला रोही, नीलगाय थे, आडवा आला, गाडी पडली — तुम्ही केव्हाचे हे टक्कल पाहून राह्यले ना, थे गरमीनं नाही केलं. आज पाचच्या आत अर्ज गेला नाही तं प्रेरणाची स्कॉलरशिप गेली, अन् मामा तं नवरदेव पाहूनच बसला हाय.

आता काय राह्यलं? घरचं नाही असं एक ओळखीचं माणूस, पोरगी चांगली म्हणून सांगणारं? एकच? अख्खं गाव देतो! लिहा — सरपंच. थांबा. सरपंच नको. भेटाले आलते, चहा पेता पेता म्हणे, रोही केवढा होता रे? केवढा होता! म्या म्हटलं, तुमच्याएवढा — अन् चहा त्याइच्या शर्टावर. पांढरा शर्ट. संस्थेचा फोन आला तं ते प्रेरणाचं सांगतील का शर्टाचं?

मग अंगणवाडीच्या विजयमालाबाई — त्याही नको. म्हणे, देवाले चांगलेच माणसं लागतात. म्या म्हटलं, मंग बाई तुम्ही घाबरू नका, तुम्ही शंभर वर्षं जगता. आशीर्वादच दिला ना? तरी उठून गेल्या. शेजारचे उकंडाकाका? त्याइच्या चपला म्या नालीत फेकल्या. नाही, ते काही बोलले नव्हते — बोलतील असं वाटलं.

हसा, हसा. तुम्हीच राहा ना ओळखीचे! अर्ध्या घंट्यापासून ओळखता... प्रेरणाले नाही, मले तं ओळखता. नाही चालत? कायले नाही चालत?

शाळेतले कोणी? हेडसरचं नाव नका काढू. आलते सर. एक शब्द बोलले नाही. अंगणात दादाची मोडकी गाडी, तिचा आरसा रुमालानं पुसत बसले, पुसता पुसता रडाले लागले. म्या धरून फाटकाबाहेर काढलं. बाकीचे बोलले म्हणून भांडलो, अन् हा माणूस — काहून काढलं मले काय माहीत! माह्या घरात माह्याआधी कोणी कायले रडावं? मी अजून...

किती वाजले? अरे बाप्पा. तुमचा फोन द्या, माहा नंबर पाहून ते उचलणार नाहीत. हे पाहा, प्रेरणानं निघतानाच सरचा नंबर माह्या तळहातावर लिहून देला. पोरगी हुशार हाय, हे पण टाका.

हॅलो — सर? मी अंकुर... अनिकेतचा, हो. सर, प्रेरणाच्या बायोडाट्यावर तुमचं नाव... लिहू? लिहू ना? सर, त्या दिवशी म्या तुमाले... हो. हो सर, जेवलो. सकाळी. ...नाही. नाही जेवलो, सर.

— लिहा, सुनीलभाऊ, नंबर हाच. इकडं काय पाहून राह्यले? तिकडं पाहा, कॉम्प्युटरकडं. लिहा ना...