माइंड युवर हेड

हसताय काय यार, दारातून वाकून निघायची सवय मला बाबांमुळे लागली. बाबा जन्मभर गवंडी. इकडे अमेरिकेत येताना आम्ही इंग्लंडच्या एका खेड्यात जुन्या दगडी कॉटेजमध्ये राहिलो. चुन्यात बांधलेली दोन हात जाड भिंत, पण दार अगदी बुटकं. बाबा भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "गवंडी चांगला होता."

आम्ही बाहेर निघालो की मालकीणबाई म्हणायच्या, "माइंड युवर हेड!" म्हणजे डोकं सांभाळा, चौकटीला आपटेल. बाबांना वाटलं, हे त्यांचं 'सांभाळून जा'.

मग इथे नेपरव्हिलला मी ऑफिसला निघालो, की बाबा रोज तेच म्हणायचे. मी कधी करेक्ट केलं नाही. ते गावी परतल्यावर हॉस्पिटलमधून त्यांचा शेवटचा फोन आला, तोही "माइंड युवर हेड" म्हणूनच ठेवला.

आमचं दार सात फुटी आहे. तरी वाकतो.