मंडळाचा ढोल

पोलादपूरच्या स्टँडवर उमरठच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मुंबईच्या गाडीतून उतरलेला माणूस ढोल सांभाळत तिच्याशेजारी येऊन बसला.

“भरत ना रे तू? आनी मंडळाचा ढोल कुठं घेऊन चाललास?”

“गावात, आवडीकाकी. मुंबईचं मंडळ बंद झालं. चाळ पाडली, त्यात आपल्या गावाची खोलीपन गेली.”

“ह्यांनी सगळी नोकरी त्याच खोलीत काढली रे.”

“सगळ्यांनीच काढली. रविवारी तिथंच नाच बसवायचे.”

“आनी शिमग्याला आले, की गावाबाहेर वहाळाच्या काठाशी थांबून हाच ढोल वाजवायचे. तो ऐकला, की आमी बाया मोठा टोप चुलीवर चढवायचो.”

“आता कोन येनार गो काकी? पोरं विरार-बदलापूरला पांगली. ढोल देवळात ठेवतो नि उद्या परत जातो.”

“गाडी अजून वहाळाशीच थांबते.”

“हा, तिथनं सोबतच चालत जाऊ.”

“नको. तू जरा वहाळाशी बस, मी पुढं जाते. मी घरात पोचले असंन असं वाटलं, की मग वाजव.”